शेळी आली, पोट मागंच राहिलं

लसीकरणाचं वेळापत्रक या वेळी देणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण शिरोळ तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आणि ते वाचल्यावर दुसरं काही लिहवेना. त्यांनी आटपाडीच्या बाजारातून दोन उस्मानाबादी पाटी आणल्या. प्रवासात उपाशी राहिल्या म्हणून टेम्पोतून उतरवल्या उतरवल्या पुढ्यात कोवळा लसूणघास टाकला, पोटभर. तिसऱ्या दिवशी लेंड्या बंद आणि ढाळ सुरू. एकीची डावी भकाळ फुगलेली. ते विचारतात, आमच्याकडची वैरण वाईट आहे का?

वैरण उत्तम आहे. आटपाडीच्या शेरडाला ती एकदम झेपणार नाही इतकी उत्तम.

शेळी चारा खाते, पण पचवतात ते तिच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव. ज्या चाऱ्यावर ती वाढली, त्या चाऱ्याला सरावलेली त्यांची वस्ती पोटात नांदत असते. बाभळीचा पाला, बोरीच्या डहाळ्या, कडबा यांवर पोसलेल्या वस्तीसमोर अचानक रसरशीत घास आला की तिचं गणित कोलमडतं. घासातली प्रथिनं पटकन विरघळतात, पोटात बारीक फेस धरतो, आणि फेसात अडकलेला वायू ढेकरेवाटे बाहेर पडत नाही. शिवाय कोवळी वैरण फार चावावी लागत नाही. रवंथ कमी झाला की लाळ कमी, आणि शेळीच्या लाळेत खाण्याच्या सोड्यासारखे क्षार असतात, पोटातलं आम्ल तेच आवरतात. जुनी वस्ती जाऊन नवी बसायला दोन-तीन आठवडे लागतात.

मला इथं धनगरांचा कळप आठवतो. मेंढरांबरोबर चार-दोन शेरडं असतातच. सगळा कळप चालत निघतो, दिवसाला थोडी वाट तोडतो, आणि माळ बदलतो तसा चाराही रोज थोडाथोडा बदलतो. शेरडाचं पोट त्याच्या पायांच्या वेगानं बदलत जातं. टेम्पोतली शेळी तीन-चार तासांत माळावरून उसाच्या पट्ट्यात येते. एवढंच कशाला, आपल्याच जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शिरोळला पाचशेच्या आसपास. जिल्हा न ओलांडताही शेळीचा मुलूख बदलतो.

म्हणून माझा हट्ट आहे: शेळी घेताना भावाआधी विचारा, हिला काल काय घातलं होतं? आणि तीच वैरण आठवड्याला पुरेल एवढी पोत्यात भरून बरोबर आणा. पहिले दोन दिवस फक्त तीच, आणि स्वच्छ पाणी. मग आपल्याकडची हिरवी मूठभर, तीही दुपारी थोडी सुकवून, कडबा खाऊन झाल्यावर. पुढं हळूहळू वाढवत न्या. मक्याचा भरडा, शिळा भात, पीठ या काळात अजिबात नको. लग्नाच्या मांडवातला उरलेला भात खाऊन मेलेली शेरडं मी पाहिली आहेत.

पत्र लिहिणाऱ्यांनी आज काय करावं? घास बंद, कोरडा कडबा आणि बाभळीचा पाला चालू. ढाळ लागलेल्या पाटीला मीठ-साखरेचं पाणी थोडंथोडं पाजा. भकाळ फुगली असेल तर पन्नास-साठ मिली गोडेतेल देतात, पण तोंड वर करून घटाघटा ओतू नका. तेल फुप्फुसात गेलं तर जनावर हातचं जातं. डोकं पाठीच्या रेषेत ठेवा, गालाच्या कोपऱ्यातून हळू सोडा. भकाळ ढोलासारखी ताणली, श्वास लागला, तर तेलाचीही वाट न पाहता डॉक्टर बोलवा. ताप १०४ फॅरनहाइटच्या वर, नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडात फोड दिसले तर हा चाऱ्याचा प्रकार नाही, पीपीआर असू शकतो. त्या पाटी लगेच वेगळ्या बांधा.

आणखी एक. आंत्रविषाराचे जंतू निरोगी शेळीच्या आतड्यातही थोडे असतातच. एकदम भारी चारा मिळाला की ते बेसुमार वाढतात, विष सोडतात, आणि काल उड्या मारणारं करडू सकाळी मेलेलं सापडतं. म्हणूनच आंत्रविषाराची लस पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवताआधी टोचायची, आणि पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. बाकीच्या लसी कोणत्या महिन्यात, ते पुढच्या आठवड्यात.