मागावरचं तूस

एव्हरेस्टवर 8,440 मीटर उंचीवरच्या बर्फात प्लास्टिकचे सूक्ष्म कण असल्याचं 2020 साली जाहीर झालं. आदल्या वर्षीच्या मोहिमेत आणलेल्या बर्फाच्या 11 च्या 11 नमुन्यांत ते सापडले, आणि त्यांत सर्वाधिक होते पॉलिएस्टरचे तंतू. ते मुख्यतः गिर्यारोहकांचे कपडे, दोर आणि तंबू यांतून आले असावेत, असा अंदाज आहे. भिवंडीकराला मात्र ही बातमी लांबची वाटू नये. पॉलिएस्टर विणणं हा इथल्या हजारो घरांचा पोटापाण्याचा धंदा आहे.

इथले माग मुळात सुताचे. 1857 नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी हातमाग घातले, पुढे यंत्रमाग आले. पॉलिएस्टरचा शोध इंग्लंडात 1941 मध्ये लागला. साठ-सत्तरच्या दशकांत ते टेरिलिन, टेरिकॉट होऊन आपल्या घरांत शिरलं. चुरगळत नाही, लवकर वाळतं, वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून आहेरात टेरिकॉटच्या शर्टपीसला मान असे.

खरं वळण 1982 चं. 18 जानेवारीला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तिथलं कापड भिवंडीच्या यंत्रमागांच्या गाळ्यांकडे सरकलं. त्याच वर्षी पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला उघड वाव दिला.

गाळ्यात उन्हाची तिरीप आली की तूस तरंगताना दिसतं. ते बीमवर बसतं, पट्ट्यांवर बसतं, कारागिराच्या भुवयांवर बसतं. सुताचं तूस मातीत कुजून जातं. पॉलिएस्टरचं कुजत नाही, नुसतं बारीक होत राहतं. इतकं बारीक आणि हलकं, की वारा ते उचलून दूर नेतो. आल्प्स आणि आर्क्टिकच्या बर्फातही सूक्ष्म प्लास्टिक असल्याचं 2019 मध्ये दिसलं. हिमालयातला कुठला तंतू कुठल्या गावचा, हे ओळखता येत नाही. पण तंतू झडतो तो विणताना, धुताना, वापरताना, आणि यातलं पहिलं काम आपल्या दारात चालतं.

मुंबईच्या 2005 च्या महापुरानंतर आपण गटारं तुंबवणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर तुटून पडलो, 2018 मध्ये राज्याने बंदीही आणली. ते योग्यच झालं. पण अंगावरच्या प्लास्टिकबद्दल तेव्हा कुणी बोललं नाही. फ्रान्सने 2020 च्या कायद्यात नव्या धुलाई यंत्रांना तंतू अडवणारी गाळणी सक्तीची करायचं ठरवलं. भिवंडीत मला आधी गाळ्यांत तूस ओढून घेणारे पंखे हवेत आणि डाईंगच्या सांडपाण्याला कामवारी नदीत सोडण्यापूर्वी बारीक गाळणी हवी. हे तूस हिमालयात पोचो न पोचो, तोंडाला फडकं बांधून बारा-बारा तास माग चालवणाऱ्याच्या छातीत ते आजच जातं आहे.