मेंदूतला उलटा निरोप

गांजा ओढणाऱ्याला दुखलेलं कळत नाही, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. कळतं त्याला, पण त्याचा त्रास तेवढा वाटत नाही. वेदना जाणवणं वेगळं आणि ती असह्य होणं वेगळं.

गांजातलं टीएचसी हे द्रव्य इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. ते मेंदूत जिथं चिकटतं ती जागा १९८८ साली उंदरांत सापडली. आता निसर्गानं हे कुलूप गांजासाठी तर बसवलं नसणार! म्हणजे किल्ली शरीरातच हवी. १९९२ मध्ये ती डुकराच्या मेंदूत मिळाली आणि संस्कृतातल्या ‘आनंद’ या शब्दावरून तिचं नाव ठेवलं गेलं ‘आनंदामाइड’.

तिची तऱ्हा मात्र न्यारी. ठेच लागली की निरोप एका चेतापेशीकडून दुसरीकडे, मधली बारीक फट ओलांडत, पुढे जातो. पण निरोपांचा भडिमार झाला, की घेणारी पेशी स्वतःच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांपासून असं द्रव्य तयार करते आणि उलट्या दिशेनं धाडते. पाठवणारीला कळतं, ‘पुरे आता!’ तिच्यात शिरणारं कॅल्शियम घटतं आणि निरोप मंदावतो. ही उलटी वाट २००१ साली उलगडली.

मध्यमेंदूतून मज्जारज्जूकडे वेदना दडपणारी एक वाट उतरते. एरवी तिला ब्रेक लागलेला असतो. ही द्रव्यं तो ब्रेकच सैल करतात. मोठ्या ताणाच्या क्षणी जखमेचं दुखणं काही काळ जाणवत नाही, त्यात यांचाही हात असल्याचं २००५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं.

मग गांजाच औषध का नाही? कारण तीच कुलपं स्मरणशक्तीच्या आणि तोल सांभाळणाऱ्या भागांतही आहेत. शरीर आपलं द्रव्य हवं तिथं, हवं तेव्हा बनवतं आणि लगेच मोडूनही टाकतं. बाहेरून आलेलं टीएचसी सगळीकडे पसरतं नि रेंगाळतं. आनंदामाइड मोडणारं विकर रोखून पाहावं, तर गुडघेदुखीवर तसं एक औषध चाचणीत निष्प्रभ ठरलं. २०१६ साली फ्रान्समधल्या रेन शहरात दुसऱ्या एका औषधाच्या चाचणीत एक निरोगी स्वयंसेवक दगावला. ते औषध इतर विकरांनाही रोखत होतं, असं पुढं दिसून आलं. वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं, की वेदनेवर ही द्रव्यं सरसकट वापरावीत इतका पुरावा अजून हाती नाही.