घर आपले, किल्ली परक्याची

ज्या काळी पोस्टमन मनिऑर्डर घेऊन दारात येई, त्या काळी पैसे कोणाचे हे ठरविण्यास माणसाचा चेहरा, त्याची सही अथवा अंगठा आणि शेजाऱ्याची साक्ष एवढे पुरे होई. आज हे सारे काम दहा आकडी मोबाईल क्रमांकाकडे आले आहे. बँकेचे खाते असो, सरकारी योजनेचा अर्ज असो की परगावच्या मुलाचे पत्र ज्यात येते ती ई-मेलची पेटी असो. दार ठोठावले की आतून एकच प्रश्न येतो : ‘तुमच्या क्रमांकावर धाडलेला ओटीपी सांगा.’ क्रमांक हाती असेल तर दार क्षणात उघडते. तो बंद पडला असेल, बदलला असेल, अथवा मुळात दुसऱ्याचाच असेल, तर स्वतःच्या घरापुढे परक्यासारखे उभे राहण्याची पाळी येते.

ही अडचण केवळ सुशिक्षितांच्या सोयी-गैरसोयीची आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ या २०२४ साली सुरू झालेल्या योजनेत पात्र स्त्रियांना दरमहा १५०० रुपये देण्याचे ठरले. १८ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने या सर्व लाभार्थिनींना दोन महिन्यांत ई-केवायसी करण्यास फर्माविले. स्त्रीच्या स्वतःच्या आधारशी जोडलेल्या क्रमांकावर एक ओटीपी यावयाचा आणि तिच्या पतीच्या वा पित्याच्या आधारशी जोडलेल्या क्रमांकावर दुसरा, अशी ही रीत. कागदावर ती सरळ दिसते. परंतु जिचा पती वारला आणि पिताही हयात नाही, तिने दुसरा ओटीपी कोठून आणावा? अकोल्याच्या डोंगरवस्तीत, जेथे मोबाईलला रेंज मिळविण्यासाठी टेकडी चढावी लागते, तेथे काही मिनिटांत बाद होणारे आकडे वेळेवर पोहोचावेत कसे? आणि पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, नेमक्या त्याच दिवसांत ही मुदत संपत होती, याचा विचार कोणी केला होता काय?

शासनाने पुढे मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. पती वा पिता हयात नसलेल्या आणि घटस्फोटित स्त्रियांना संबंधित दाखले अंगणवाडी सेविकेकडे देण्याची मुभाही दिली. त्याबद्दल शासनाचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. तथापि विधवेची अडचण मुदत संपत आल्यावर ध्यानी यावी, हे नियम करणाऱ्यांच्या दूरदृष्टीचे लक्षण खास नव्हे.

दोषाचे मूळ शोधू गेल्यास ते एका साध्या गोष्टीत सापडते. मोबाईल क्रमांक ही आपल्या मालकीची वस्तू नव्हे. ती भाड्याची वस्तू आहे. प्रीपेड क्रमांक ९० दिवस मुळीच वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. आणि बंद झालेला क्रमांक किमान आणखी ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. मग आपल्या खात्याचा ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या हाती पडतो. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला. त्यानंतर गावोगाव नोंदणी झाली तेव्हा ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांनी पुतण्याचा, शेजाऱ्याचा, नाहीतर दुकानदाराचा क्रमांक सांगितला. पुढे तोच आपल्या ओळखीचा आधारस्तंभ होणार आहे, हे त्यांना कोणी सांगितले होते?

ओटीपीमुळे तोतयेगिरीस आळा बसतो, असे यावर सांगितले जाईल. आणि ते खोटे नाही. कुलूप हवेच. परंतु पाटी आणली नाही म्हणून समोर बसलेल्या मुलाची गैरहजेरी मांडणाऱ्या मास्तरास आपण शहाणा म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात, ओळख पटविण्याचे यंत्र अपयशी ठरले एवढ्यावरून पात्र व्यक्तीस लाभ नाकारला जाऊ नये, हेच तत्त्व उचलून धरले आहे. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू केलेल्या निर्देशांत, एसएमएसच्या ओटीपीखेरीज पडताळणीच्या अन्य मार्गांना वाव दिला आहे. बँकांना जे चालते ते सरकारी योजनांना का चालू नये?

आमची मागणी माफक आहे. जेथे जेथे क्रमांक मागितला जातो तेथे तेथे, क्रमांक नसणाऱ्यासाठी दुसरे दार पहिल्या दिवसापासून उघडे असावे. ओरड झाल्यावर नव्हे. आधारवरील क्रमांक बदलण्यास कागदपत्र लागत नाही, बोटांचे ठसे पुरतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्यास ७५ रुपये आकार आहे. पोस्टमनने घरी येऊन हे काम करण्याची सोयही जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. जिल्हा प्रशासनाने डाकखात्यास बरोबर घेऊन, गळीत हंगामापूर्वी पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि अकोले या तालुक्यांत अशी शिबिरे भरवावीत. मनिऑर्डर आणणाराच क्रमांक जोडून देऊ लागला, तर जुन्या विश्वासाचा धागा पुन्हा जुळेल.

शहरातील आमच्या वाचकांनीही आपले घर तपासून पाहावे. जुने सिमकार्ड टाकण्यापूर्वी बँक, आधार आणि ई-मेल येथील क्रमांक बदलावा. क्रमांक गेल्यावर बदलू म्हणणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. ई-मेलच्या खात्यास दुसरा पत्ता जोडून ठेवावा. गूगलसारख्या खात्यांत मिळणारे राखीव संकेतांक कागदावर उतरवून घराच्या दस्तांबरोबर ठेवावेत. फोन हरवल्या दिवशी तेच कामी येतात. ओटीपी कोणासही, अगदी बँकेचे नाव सांगणाऱ्यासही, देऊ नये. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. आणि घरी कामास येणाऱ्या बाईंच्या आधारशी कोणाचा क्रमांक जोडलेला आहे, हे एकदा आपुलकीने विचारावे. आपल्याला दहा मिनिटे लागतील. त्यांचे महिन्याचे पैसे वाचतील.

यंत्राने माणसास ओळखावे, याला आमचा विरोध नाही. परंतु यंत्राने ओळखले नाही म्हणून माणसानेही माणसास ओळखू नये, हे मात्र आम्हांस मान्य नाही.