केसपेपरवर नसलेलं काम

कशेडी घाटाच्या पोलादपूरकडच्या पायथ्याला माझा दवाखाना आहे. महामार्गावरचे ड्रायव्हर, महाड एमआयडीसीतले कामगार आणि मुंबईला राबून आजारपणात गावी परतलेली माणसं, हे माझे पेशंट. दुखण्याचं मूळ पुष्कळदा त्यांच्या कामात असतं, पण कागदावर ते काम कुठेच नसतं.

मध्यंतरी चाळिशीचा एकजण आला. "टीबीचा कोर्स दोनदा झाला डॉक्टर, दम काय कमी होत नाय." थुंकीत जंतू कधी सापडलेच नव्हते. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक ठिपके. काम काय करायचास?

"किचनचे ओटे. ग्रॅनाइट कापायचो."

मशीनला पाणी लावायचास का?

"पाण्यानं चिखल होतो, मालक ओरडतो. सुकंच कापायचं, तोंडाला रुमाल बांधून."

ग्रॅनाइटमध्ये स्फटिकरूप सिलिका भरपूर असते. तिचे घातक कण केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक. रुमाल त्यांना अडवत नाही. हे कण गिळणाऱ्या फुप्फुसातल्या पेशी स्वतःच मरतात आणि तिथे वण धरतो. हाच सिलिकोसिस. वण औषधाने जात नाहीत, काम सोडल्यावरही रोग वाढू शकतो. त्यात टीबीचा धोकाही वाढतो, म्हणून दोन्हींची गल्लत होते.

ड्रायव्हरचंही काम असंच कागदाबाहेर राहतं. घाटात ट्रक उलटला की नोंद होते रस्ता अपघाताची. तो किती तास जागा होता, माल पोचवायचा तगादा कुणाचा होता, हे कोण विचारतो? 2023 च्या गणपतीत कशेडीचा बोगदा हलक्या वाहनांसाठी उघडला. बोगद्याने वळणं वाचतात, ड्रायव्हरची राहिलेली झोप भरून निघत नाही.

3 नोव्हेंबर 2023 ला महाड एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत स्फोट होऊन आग लागली. 11 कामगार गेले. मृतदेहांची ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली. ती बातमी सगळीकडे पोचली. पण आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला कामावरच्या अपघातांत सुमारे 3 लाख 30 हजार माणसं मरतात आणि कामामुळे जडलेल्या रोगांनी 26 लाख. हे 26 लाख अंथरुणावर जातात, स्फोट न होता.

कामावरच्या अपघाताची भरपाई मिळायला मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, हे तत्त्व आपल्याकडे 1923 च्या कायद्याने आणलं. सिलिकोसिससारखे व्यवसायजन्य रोगही भरपाईला पात्र ठरतात. अडतं ते पुराव्यापाशी. कामगाराला ठाऊक असतो फक्त मुकादम, आणि तो दर साइटला बदलतो.

पेशंटला त्याचा धंदा विचारा, असं इटलीच्या रामाझ्झिनीने डॉक्टरांना 1700 सालीच बजावलं होतं. आम्ही अजून वय आणि गाव विचारून थांबतो. तेव्हा तुम्हीच आग्रह धरा: कोणतं काम, किती वर्षं, कुठल्या साइटवर, हे केसपेपरवर लिहून घ्या. हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, जुने एक्स-रे जपून ठेवा. आणि दगड कापायचा तर पाणी सोडूनच कापा. चिखल पुसता येतो.