मेणवलीची घंटा

काही गावे आपण प्रत्यक्ष जाण्याआधीच पाहिलेली असतात. सातारा जिल्ह्यातले मेणवली त्यांतलेच. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर, कृष्णेच्या काठी. आशुतोष गोवारीकरांचा ‘स्वदेस’ २००४ साली आला. त्यातले चरणपूर म्हणजे पुष्कळसे हेच मेणवली. कथेत गाव उत्तर प्रदेशातले, घाट मात्र आपल्या कृष्णेचा.

एका कविसंमेलनासाठी आम्ही औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, वाईला गेलो होतो. मुलीने हट्ट धरला, “अब्बा, शाहरुखचा घाट बघायचाच.” गेलो. पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. हा घाट आणि वरचा वाडा नाना फडणवीसांनी अठराव्या शतकात बांधला. त्यांची कागदपत्रे इतिहासाच्या अभ्यासकांना ‘मेणवली दप्तर’ म्हणून ठाऊक आहेत. घाटावर मेणवलेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ आहे.

मी देवळापासून चार पावले लांबच उभा होतो. खरे सांगतो, परक्या गावात नाव सांगावे लागेल, या संकोचाने माझी पावले अशीच अडखळतात. तेवढ्यात एका वृद्ध गृहस्थांनी हाक मारली, “पाहुणे, घंटा नाही पाहिलीत?”

देवळाजवळच्या छोट्या दगडी बांधकामात भलीमोठी घंटा टांगलेली होती. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम आणि १७०७ हे साल. घंटा पोर्तुगीजांची. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून आणल्या आणि देवळांना दिल्या. मोठ्या आवाजाला आपण जिची उपमा देतो, ती नाशिकची नारोशंकराची घंटाही वसईचीच मानतात.

मरियमच्या नावाची एक सूरा कुराणात आहे. आम्ही तिला हजरत मरियम म्हणतो. आणि १७०७ हे साल आमच्याकडे कोण विसरेल? त्याच वर्षी औरंगजेब वारला. शेजारच्या खुलताबादला त्याची कबर आहे, आणि तिच्यावरून आजही माणसे भांडतात.

लूट ती लूटच. घंटा गेल्याचे दुःख वसईच्या ख्रिस्ती माणसांना झाले असणार, ते झाकू नये. पण आणणाऱ्यांनी ती वितळवून तोफ ओतली नाही, मरियमची आकृतीही खरवडली नाही. शंकराच्या दारी ती माय-लेकरे तशीच राहिली.

‘स्वदेस’मध्ये गावात सिनेमा दाखवतात, तेव्हा काही माणसांना पडद्यामागे बसवलेले असते. वीज जाते आणि नायक तो पडदाच काढून टाकतो. तो प्रसंग मला तिथे आठवला.

निघताना त्या गृहस्थांनी नाव विचारले. मी सांगितले. “बरं,” ते म्हणाले, “जपून उतरा, पायरी निसरडी आहे.”

मुलीच्या मोबाइलमध्ये घाटाचे चाळीस फोटो होते, घंटेचा एकच. तो मी मागून घेतला.