यंत्राला रुग्ण ‘वाचायला’ शिकविणारे प्राध्यापक

लोखंड-पोलाद बाजार आणि महामार्गावरील मालमोटारींची वर्दळ ही कळंबोलीची सर्वपरिचित ओळख. मात्र लगतच्या कामोठ्यात महात्मा गांधी मिशन संस्थेची वैद्यकीय व अभियांत्रिकी अशी दोन्ही महाविद्यालये आहेत. ‘हेल्थ इन्फर्मेटिक्स’ अर्थात आरोग्य माहितीशास्त्राला नेमका असाच शेजार लागतो.

रुग्णाच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल आणि क्ष-किरण प्रतिमा साठवून उपचारासाठी त्यांचा उपयोग कसा करावा, याचा विचार हे शास्त्र करते. उपयोजित कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे त्याला नवे बळ मिळाले. असंख्य प्रतिमांवरून आजाराची खूण ओळखण्यास संगणकाला शिकविता येते. पंधरा वर्षे व त्यापुढील व्यक्तींच्या क्षयरोग चाचपणीत छातीच्या क्ष-किरण प्रतिमा संगणकाकडून वाचून घेण्याचा पर्याय जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्य केला.

मग संशोधक प्राध्यापकाचे काम उरते कोणते? अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याचे उत्तर देतो. न्यूमोनिया ओळखण्यास शिकविलेली संगणक प्रणाली ज्या रुग्णालयांच्या प्रतिमांवर तयार झाली, तिथे चांगली चालली. बाहेरच्या रुग्णालयातील प्रतिमांवर मात्र तिची अचूकता घटली. प्रतिमा कोणत्या रुग्णालयातील आहे, हे संगणक जवळजवळ अचूक ओळखत होता. काही रुग्णालयांत न्यूमोनियाचे रुग्ण अधिक होते. त्यामुळे आजाराऐवजी रुग्णालयाची खूण पाहूनही त्याला उत्तर देता येत होते. अशा प्रणालीने ‘निरोगी’ ठरविलेला रुग्ण उपचाराविना घरी परतू शकतो. म्हणूनच परक्या शहरात तयार झालेली प्रणाली कळंबोलीच्या माथाडी कामगाराची छाती तपासण्यापूर्वी स्थानिक रुग्णांवर पारखणे अगत्याचे ठरते. ही पारख हेच या क्षेत्रातील अध्यापक-संशोधकाचे खरे कार्य होय.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यास अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी संबंधित शाखेतील पदवी व पदव्युत्तर पदवी आणि त्यांपैकी एकीत प्रथम श्रेणी लागते. पुढील पदांसाठी पीएच.डी. अनिवार्य आहे. मुंबईच्या आयआयटीत ‘कोइटा सेंटर फॉर डिजिटल हेल्थ’मध्ये या विषयात संशोधन चालते. केवळ प्रोग्रामिंग येऊन भागत नाही. संख्याशास्त्र, वैद्यकीय परिभाषा आणि नीतिनियम यांचीही जाण हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदाही त्याच वर्षी संमत झाला. रुग्णाची संमती आणि गोपनीयता हा त्यामुळे अभ्यासक्रमाचाच भाग ठरतो.

उद्योगक्षेत्राच्या तुलनेत ही वाट संथ आहे. नीतिशास्त्र समितीची परवानगी मिळविण्यात आणि डॉक्टरांकडून प्रतिमांवर अचूक निदान नोंदवून घेण्यात बराच काळ जातो. ज्याला हा संयम आहे आणि जो डॉक्टरांसोबत वॉर्डात उभा राहून प्रश्न समजून घेऊ शकतो, त्याच्यासाठी या क्षेत्रात कामाची वानवा नाही.