मिरचीच्या रोपांची घरातील निगा

मिरचीच्या पिकाचे बरेवाईट शेतात ठरण्यापूर्वी रोपातच ठरते. संकरित बियाण्याची लहानशी पुडीही आज महाग पडते आणि तीतील दाणे मोजून घ्यावे लागतात. अशा वेळी रोप बिघडले, तर पैसा जातोच, परंतु त्याहून मोठी हानि म्हणजे हंगामाचे दहापंधरा दिवस जातात. ते कोणत्याही भावाने परत मिळत नाहीत.

उन्हाळी मिरचीचे बी जानेवारी-फेब्रुवारीत टाकतात. त्या दिवसांत देशावर रात्री गारठा असतो. मिरचीच्या बियास रुजण्यास २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता मानवते. थंडीत ते बरेच दिवस तसेच पडून राहते व पुष्कळदा कुजते. म्हणून खणांचे ट्रे भिजविलेल्या कोकोपीटने भरून, प्रत्येक खणात अर्धा सेंटिमीटर खोल एक बी घालून, ते एकावर एक रचून प्लॅस्टिकच्या कागदाने झाकून घरात ठेवण्याची रीत पडली आहे. रीत चांगली आहे. परंतु तीत दोन ठिकाणी घात होतो.

पहिला घात पाण्याचा. बियास ओल हवी, तशीच हवाही हवी. कोकोपीट मुठीत दाबले असता बोटांमधून पाणी ठिबकू लागले, तर ते फार ओले समजावे. अशा ओलीत बुरशी वाढते आणि रोपे जमिनीलगत मऊ पडून कोलमडतात. यास्तव पाणी सकाळीच, झारीने व बेताने द्यावे. हवा खेळती ठेवावी. जुने ट्रे स्वच्छ धुऊन घ्यावे. कोलमडलेली रोपे दिसताच तो खणच रिकामा करावा. घरच्या बियास पेरण्यापूर्वी किलोस ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळणे हितावह आहे. पुडीतील बी रंगीत असेल, तर त्यास औषध आधीच लाविलेले असते. ते हाताळल्यावर हात धुवावे.

दुसरा घात अंधाराचा, आणि तो आम्हीं स्वतः अनुभविला आहे. पहिल्या वर्षी आम्ही ट्रे रचले, पाचव्या दिवशी उघडून पाहिले, तो काही दिसेना. सहाव्या दिवशी लग्नास परगावी गेलो व आठव्या दिवशी रात्री परतलो. कागद काढला, तेव्हा बहुतेक सर्व बी उगवले होते; परंतु अंकुर पांढुरके, बोटभर लांब व माना टाकलेले! उजेड न मिळाल्यामुळे रोप बियांतील सारी शिदोरी उंच होण्यातच खर्चून बसले होते. वाढलेली मान पुन्हा आखूड होत नाही. टोमॅटोच्या खोडास मुळे फुटतात, म्हणून लांबलेले रोप खोल लावून निभावते. मिरचीत तसा भरवसा धरवत नाही. आम्हांस दुसरे बी आणावे लागले.

तेव्हापासून आमचा नियम असा: चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कागद उचलून पाहणे, आणि पहिले काही अंकुर डोकावताच, बाकीच्यांची वाट न पाहता, सर्व ट्रे उजेडात पसरणे. एकाच खिडकीशी ठेविल्यास रोपे तिकडे वाकतात. म्हणून वरून उजेड मिळेल अशी जागा निवडावी व ती बारीक किडीच्या जाळीने बंद करावी. पांढरी माशी व फुलकिडे येथूनच शिरतात आणि पुढे शेतात बोकड्या दिसू लागतो.

साधारण ३५ ते ४० दिवसांत रोप लावणीस येते. शेवटचा आठवडा पाणी थोडे कमी करून त्यास उन्हाची सवय लावावी. सावलीतून उचलून थेट रानात नेलेले रोप पहिल्याच दुपारी मान टाकते.

बी विकत घ्या अथवा घरचे ठेवा, पेरणीपूर्वी शंभर, नाही तर निदान पंचवीस दाणे ओल्या फडक्यांत गुंडाळून उबेत ठेवावे व चौदा दिवसांनी मोजावे. प्रमाणित मिरची बियाण्याची उगवण किमान शेकडा ६० असावी लागते. ती कमी भरली, तर बियाण्याचा दोष आपल्या हातांस लागणार नाही. ती पुरी भरली आणि तरीही रोप बिघडले, तर मात्र आपण पाणी किती दिले व कागद कधी उचलला, याचा हिशेब प्रथम पाहावा.